बाळ पाठ फिरवून बसलंय

काल माझ्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ छापून आली. मराठीत सांगायचं तर साधारण अशी: "गर्भाची स्थिती आणि मातेची शरीरयष्टी यामुळे चेहरा व हृदयाचे काही भाग नीट दिसू शकले नाहीत." शरीरयष्टी! म्हणजे असहकार पुकारला बाळाने, तासभर पाठ फिरवून बसलं ते, आणि निम्मं खापर माझ्या पोटावरच्या चरबीवर. तेही लेखी. सहीशिक्क्यासह. ही फाईल आता डिलिव्हरीपर्यंत प्रत्येक डॉक्टर उघडणार आणि प्रत्येक जण ती ओळ वाचून एकदा माझ्याकडे बघणार.

तर काल मला बरोब्बर २० आठवडे पूर्ण झाले. अर्धी वाट. १८ ते २२ आठवड्यांच्या मध्ये तो मोठा स्कॅन करतात ना, अ‍ॅनोमली स्कॅन, ज्यात बाळाचा मेंदू, ओठ, मणका, हृदयाचे चार कप्पे, किडन्या, मांडीचं हाड असं सगळं एकेक करून तपासतात, तो होता. थंडगार जेल लावलं, मशीन फिरवलं, आणि डॉक्टरबाई म्हणाल्या, "मणका सुंदर दिसतोय." मी खूष. मग कळलं की मणकाच दिसतोय. पाठ वर करून पालथं झोपलेलं, त्या मणक्याची सावली पडून खालचं हृदय दिसेना. "बाळ को-ऑपरेट करत नाहीये. जरा बाहेर चालून या, काहीतरी गोड खा, वीस मिनिटांनी बघू." पाच महिन्यांचं पण झालं नाही अजून आणि शाळेतून पहिली तक्रार आली.

बाहेर आले तर काका बसलेले.

काकांचा नंबर माझ्यानंतर. त्यांची होती लघवीच्या पिशवीची सोनोग्राफी, आणि त्याला पिशवी तुडुंब भरलेली लागते. काउंटरवरच्या मुलीने त्यांना लिटरभर पाणी प्यायला सांगितलेलं, काका शिस्तीचे, त्यांनी दीड लिटर प्यायलं. मी बाहेर आले तेव्हा ते खुर्चीच्या अगदी टोकावर बसले होते, पायाला पाय घट्ट, हातात रिकामी बाटली.

"झालं?" केवढी आशा होती त्या आवाजात.

"नाही काका. बाळ वळत नाहीये. वीस मिनिटं चालायला सांगितलंय."

काकांचा चेहरा बघवेना. खरं सांगते, आमच्या घरात सुद्धा या बाळाच्या वळण्याकडे कोणी इतकं डोळे लावून बसलेलं नाही.

"मग चाला की!" काका म्हणाले. मी चालायला लागले. दारापासून पाण्याच्या मशीनपर्यंत आणि परत. पाण्याचं मशीन आलं की काका डोळे मिटायचे. तिसऱ्या फेरीला त्यांनी मन दुसरीकडे वळवायचं ठरवलं असावं, म्हणाले, "कितवा महिना, पोरी?"

"वीस आठवडे झाले."

"महिन्यात सांग."

"पाच."

"पाच कसे? वीस साते १४०. भागिले ३०. चार महिने २० दिवस. पाच नाही होत."

"पाचवा चालू आहे म्हणा."

"तसं म्हण मग. आणि एकूण किती असतात?"

"४० आठवडे. म्हणजे २८० दिवस."

काकांनी ओठ हलवले. "नऊ महिने दहा दिवस. आम्ही तर नऊ महिने नऊ दिवस ऐकत आलो. हा एक दिवस कुठून आला?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण गेले चार महिने माझी माहिती कोणी विचारलेली नाही, सगळे मला माहिती देतात, त्यामुळे संधी मिळाल्यावर मी वाहवत गेले. सांगून टाकलं की काका, मुळात हा हिशोब शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून धरतात. पाळी म्हटल्यावर काकांनी पंख्याकडे बघितलं. पण आकडेमोडीपुढे संकोच टिकला नाही. दोन सेकंदांत खाली आले.

"म्हणजे पहिल्या दिवशी बाळ असतं?"

"नसतं. साधारण दोन आठवड्यांनी राहतं."

"मग ते दोन आठवडे?"

"मोजतात."

"बाळ नसताना?"

"हो."

"कोणी ठरवलं हे?" काका आता खुर्चीत पूर्ण मागे बसले, पिशवी विसरले की काय कुणास ठाऊक. "माणूस कामावर रुजू व्हायच्या आधीचे १४ दिवस हजेरीत? आमच्याकडे असं केलं असतं तर चौकशी लागली असती." मग बाटलीच्या तळावर बोटाने हिशोब मांडत म्हणाले, "२८० वजा १४, २६६. त्याचे निम्मे १३३. त्यात ते फुकटचे १४ मिळव. १४७. भागिले सात." आणि माझ्याकडे बघून, निकाल दिल्यासारखं, "एकवीस. तुझा मध्य पुढच्या आठवड्यात आहे. तू आठवडाभर आधी आलीयस. म्हणून ते वळत नाहीये."

वळण्याचा आणि मध्याचा संबंध काय, असं मी विचारणार होते, तेवढ्यात नवरा गाडी लावून आला. त्याला सगळं पहिल्यापासून ऐकवलं गेलं. तो शांतपणे म्हणाला, "लॉजिक बरोबर आहे त्यांचं."

लॉजिक! रात्री दोनला पोटरीत गोळा येऊन मी बोंब मारते तेव्हा याचं लॉजिक घोरत असतं.

आता विषय निघालाच आहे तर. सगळे म्हणतात मधले तीन महिने म्हणजे सुवर्णकाळ. मळमळ गेली, पोट अजून फार मोठं नाही, मजा करून घे. कसली मजा? नाक चोंदलेलं, सर्दी नसताना. शिंकले की जांघेत चमक, गर्भाशयाला धरून ठेवणारे दोर ताणले जातात म्हणे. गर्भाशय बेंबीपर्यंत आलंय. हॉर्मोनने अन्ननलिकेच्या तोंडाची झडप सैल केलीय त्यामुळे आडवं झालं की छातीत जळजळ, त्याच हॉर्मोनने पोटातला बाकीचा कारभार इतका संथ केलाय की त्याबद्दल न बोललेलं बरं. आणि ते अ‍ॅप! मागच्या आठवड्यात बाळ १५ सेंटीमीटर होतं, या आठवड्यात एकदम २५. मी घाबरून नवऱ्याला उठवलं, एका आठवड्यात १० सेंटीमीटर, हे काय आहे माझ्या पोटात? तर आतापर्यंत डोक्यापासून बुडापर्यंत मोजत होते, कारण पाय दुमडलेले असतात, आणि २० आठवड्यांपासून डोक्यापासून टाचेपर्यंत मोजायला लागले. फूटपट्टी बदलली आणि सांगितलं नाही.

शिवाय भेटेल तो विचारतो, लाथा मारतं का? नाही मारत. म्हणजे मारत असेल, पण माझी वार पुढच्या बाजूला आहे, मध्ये उशी धरल्यासारखी, त्यामुळे मला अजून बुडबुड्यांपलीकडे काही कळत नाही आणि ते बुडबुडे म्हणजे बाळ की गॅस हेही छातीठोकपणे सांगता येत नाही. पहिल्या वेळी २० आठवड्यांपर्यंत किंवा थोडं पुढेही चालतं असं डॉक्टर म्हणाल्यात. पण विचारणाऱ्याचा चेहरा पडतो तो पडतोच, जणू मी पाहुण्यांसमोर पोराला कविता म्हणायला लावली आणि ते गप्प बसलं. मला कसं वाटतंय हे मात्र कोणी विचारत नाही. विचारलंच तर बघतात पोटाकडे.

असो. इकडे पस्तीस मिनिटं झाली होती. (वीस सांगितलेली. मध्ये कोणीतरी अर्जंट आलं.) काका उभे राहिले, बसले, परत उभे राहिले, आणि मग माझ्या पोटाकडे वाकून, अगदी जवळून, हात जोडून म्हणाले, "बाळा, वळ रे." आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. पुढच्या मिनिटाला ते बाथरूमकडे पळाले. आणि दार बंद व्हायला आणि काउंटरवरून त्यांच्या नावाचा पुकारा व्हायला एकच गाठ पडली. माझी वाट बघून कंटाळून त्यांनाच आधी आत घ्यायचं ठरलं होतं.

काका बाहेर आले तेव्हा चेहऱ्यावर जी शांती होती ती दोन सेकंद टिकली. त्या मुलीने हातात बाटली दिली. नवीन. एक लिटर.

मी आत गेले. बाळ वळलं होतं, अर्धं. आणि आता एक हात तोंडावर. डॉक्टरबाईंनी पोट दाबलं, हलवलं, मला या कुशीवर, त्या कुशीवर केलं. डोक्याचा घेर छान, पोटाचा घेर छान, मांडीचं हाड छान, वजन अंदाजे ३३० ग्रॅम, काळजीचं काही नाही. फक्त चेहरा आणि हृदयाचा एक कोपरा राहिला. "आज नको त्रास देऊया त्याला," बाई म्हणाल्या. त्याला. मी टेबलावर आडवी, जेलमध्ये लडबडलेली, नाक चोंदलेलं, त्याला त्रास नको. आणि मग टाईप केली ती ओळ. शरीरयष्टी.

बाहेर काका घोट घोट पाणी पीत होते, मोजून.

"काय म्हणाल्या?"

"पुढच्या आठवड्यात बोलावलंय. परत."

"पुढच्या आठवड्यात म्हणजे किती होतील?"

मी उत्तर द्यायच्या आत नवरा म्हणाला, "एकवीस पूर्ण."

काका काही बोलले नाहीत. बाटलीचं झाकण लावलं, आणि माझ्या डोक्यावरून माझ्या नवऱ्याकडे बघून सावकाश मान हलवली. या माणसानेही हलवली. गाडीत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही, आणि त्याला वाटलं मला झोप आलीय.