लॉनवर लाल माती ओतणं आता तरी थांबवा

आज सकाळी नागपूरच्या प्रतापनगरात एका सोसायटीच्या लॉनवर ट्रॉली रिकामी होताना बघितली, तेव्हापासून डोकं तापलंय. 600 चौरस फुटांचं लॉन आणि त्यावर एक ब्रास लाल माती. एक ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजे अगदी सारखी पसरली तरी दोन इंचांचा थर. खाली हरळी चांगली जिवंत होती. पहिल्या पावसाने तिला कोवळी पाती फुटली होती. दोघा माणसांनी फावड्याने ती गाडली, वरून पाइपने पाणी मारलं, आणि सेक्रेटरी काका म्हणाले, "अहो, दरवर्षी टाकतो. पंधरा दिवसांत बघा कसं हिरवंगार होतं."

होतं, मान्य. पण जुलैत नागपुरात हिरवं काय होत नाही? तो पावसाचा गुण आहे. मातीचं श्रेय ऑक्टोबर हीटमध्ये तपासा.

खाली आपली काळी माती आहे. चिकण, पाणी प्यायली की फुगणारी, उन्हाळ्यात बोट जाईल एवढ्या भेगा पडणारी. तिच्यावर वेगळ्या पोताचा थर बसवला की दोन थरांच्या सांध्यावर पाणी अडखळतं. पावसाळ्यात वरचा थर चिंब राहतो आणि खाली हवा जात नाही. मुळं वरच्या दोन इंचांतच फिरतात, कारण तिथे सोपं असतं. पाऊस संपला की तोच थर दोन दिवसांत वाळतो आणि मुळांना खाली जायची सवयच राहिलेली नसते. मग रोज पाणी, तरी पिवळं. शिवाय दरवर्षी दोन इंच चढवून त्या सोसायटीचं लॉन आता फरसबंदीच्या वर आलंय. पाणी सगळं पार्किंगमध्ये उतरतं आणि त्याचीही तक्रार मीटिंगमध्ये होतेच.

ज्या शहरात अमरावती रोडवर देशभरच्या मातीचं सर्वेक्षण करणारी राष्ट्रीय संस्था आहे, तिथे लोकांना पायाखालची काळी माती म्हणजे शाप वाटते. ती शाप नाही हो. अन्नद्रव्यं धरून ठेवण्यात तिचा हात धरणारी माती नाही. तिला फक्त हवा आणि सेंद्रिय पदार्थ हवेत. काही जण वाळू मिसळतात, तेही नको. थोडीथोडकी वाळू चिकणमातीत गेली की ती मोकळी व्हायची सोडून आणखी घट्ट बसते.

हवं असतं ते चाळलेलं, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट. थर पाव इंचाचा, फार तर अर्धा. पाव इंचाने 600 चौरस फुटांना साडेबारा घनफूट लागतं, म्हणजे साधारण 25 घमेली. ब्रासचा आठवा हिस्सा! कुठे ती ट्रॉली आणि कुठे ही 25 घमेली. गांडुळं आणि जिवाणू ते हळूहळू खाली ओढतात, मातीचे कण जुळून रवाळ होतात, पाणी मुरायला लागतं. वेगळा थर उरतच नाही, हीच तर सगळी गंमत आहे.

आता खरी चीड कशाची, ते सांगतो. याच सोसायटीने मार्चमध्ये आवारातल्या कडुनिंबाची, बदामाची पानं कोपऱ्यात ढीग करून जाळली. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मध्येच मनाई केली, दंडही ठरवला. पण ते राहू दे. जी पानं मार्चमध्ये जाळली, तीच नीट रचली असती तर आज, जूनअखेर, कंपोस्ट म्हणून तयार असती. फुकट मिळणारी वस्तू जाळायची आणि तिच्या जागी नको असलेली वस्तू पैसे देऊन आणायची! माळीदादाला दोष नाही. तो बिचारा म्हणाला, "मले सांगतलं तेवढं करतो जी."

ढीग कमीत कमी तीन फूट लांब, रुंद आणि उंच हवा, नाहीतर आतून तापत नाही. तीन भाग वाळकी पानं, एक भाग ओलं: कापलेलं गवत, भाजीचा कचरा. गवत नुसतंच टाकलं तर गोळा होऊन सडतं आणि घाण वास येतो, नुसती पानं टाकली तर वर्षभर तशीच पडून राहतात. आपल्याकडे ढीग बिघडतो तो बहुतेक वेळा कोरडा पडून. एप्रिल-मेमध्ये ओलं बारदान झाकायचं आणि दर आठ-दहा दिवसांनी उलटताना पाणी शिंपडायचं. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब निघाले की ओल बरोबर. आत 55 अंशांच्या वर तापमान तीन-चार दिवस टिकलं आणि ढीग उलटून बाहेरचा माल आत गेला, की तणाचं बी मरतं. कुजून ढीग चौथ्या हिश्श्यावर येतो. असे दोन ढीग म्हणजे त्या सोसायटीच्या लॉनपुरतं खत.

तयार झालं का, हे नाकाने कळतं. पहिल्या पावसाच्या मातीचा वास यायला हवा. शंका असेल तर ओलसर खत पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा भपकारा आला तर आणखी कुजू द्या. कच्चं टाकलं तर ते कुजताना मातीतला नत्र ओढून घेतं आणि लॉन पिवळं पडतं. ताज्या शेणाचं तर नावच नको. जूनमध्ये हुमणीचे, म्हणजे मुळं खाणाऱ्या अळीचे, भुंगेरे अंडी घालायला असल्याच जागा शोधत असतात, आणि शेणातून येणारं तणाचं बी पुढे वर्षभर निंदत बसावं लागतं.

टाकायची वेळ वाफशाची. आठवडाभर पाऊस झाला, मग दोन दिवस उघडीप मिळाली, आणि मातीचा गोळा बोटाने टोचल्यावर फुटला, की कामाला लागा. चिखलात पाय ठेवला तर आहे ती हवाही दाबून निघून जाते. हरळी पाऊण-एक इंचावर कापा, खाली साचलेला वाळका थर दाताळ्याने ओढून काढा. मग बागकामाचा काटा तीन-चार इंच खोल रोवून, किंचित हलवून, वीतभराच्या आतल्या अंतरावर भोकं पाडत जा. काम कंटाळवाणं आहे, खरंय. पण काळ्या मातीत हे टाळलं तर खत वरच राहतं आणि पहिल्या जोराच्या सरीत नालीत जातं.

खत पाव इंची जाळीतून चाळलेलं हवं, गवंडी वाळू चाळतात ती जाळी चालते. घमेल्याने छोटे छोटे ढीग ठेवा, दाताळं उलटं धरून पसरा, मग खराट्याने पात्यांवरून झाडून खाली पाडा. शेवटी गवताची टोकं दिसलीच पाहिजेत. नुसतं काळं दिसत असेल तर जास्त झालं, उचला. हलकं पाणी द्या आणि आठ-दहा दिवस गवत कापायचं मशीन फिरवू नका. आठवडाभर लॉन मळकं दिसेल, पाहुणे विचारतील. विचारू द्या.

कंपोस्ट सगळ्यावर उतारा नाही, हेही सांगायलाच हवं. दाट आंब्याखाली ऊनच नसेल तर काहीही टाकलं तरी हरळी विरळच राहणार. लव्हाळ्याच्या गाठी खतानेही फोफावतात, त्या आधी खणून काढाव्या लागतात. आणि नव्या पात्यांच्या शिरा हिरव्या पण मधला भाग पिवळा दिसत असेल तर ती लोहाची कमतरता. आपल्या चुनखडीच्या मातीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. अशा वेळी लोक युरिया मारतात, त्याने काही होत नाही. लिटरला 5 ग्रॅम फेरस सल्फेट, संध्याकाळी फवारा, आणि फरशीवर उडू देऊ नका, तांबूस डाग जात नाहीत.

त्या सोसायटीत अजून काही बिघडलेलं नाही. माती ओली आहे, खाली हरळी जिवंत आहे. दोन दिवस ऊन पडलं की फावड्याने हलक्या हाताने थर उतरवा, टोकं मोकळी करा, काढलेली माती कुंड्यांना वापरा. काकांना मी आत्ताच फोन केला, जरा रागावले, पण उद्या बघतो म्हणाले. ज्यांच्याकडे या पावसाळ्यात खत तयार नाही त्यांनी सप्टेंबरअखेर टाका, हरळी तेव्हाही वाढीत असते. त्यासाठी ढीग या आठवड्यातच रचायला घ्या. वाळकी पानं नसतील तर लाकडाच्या वखारीतला भुसा चालतो, पानांच्या निम्मा घ्या, आणि प्लायवूडचा नको.