ट्रूडो सॅनेटोरियम: तुरुंग की सहल? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. ट्रूडो सॅनेटोरियमवरच्या (क्षयरोग्यांना राहून उपचार घेण्याच्या रुग्णालयावरच्या) लेखात क्षयरोग्यांचं आयुष्य मी सहलीसारखं रंगवलं, प्रत्यक्षात तो तुरुंगच होता, आणि इतके रोगी एकत्र ठेवल्यावर रोग वाढणारच, असं तुम्ही लिहिलंय.

अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सॅरनॅक लेक गावचं हे सॅनेटोरियम तुरुंग नव्हतं. तिथे प्रवेश मिळणंच अवघड होतं. त्याचे संस्थापक डॉक्टर एडवर्ड ट्रूडो फक्त सुरुवातीच्या अवस्थेतले रोगी घेत, हे मात्र मी लेखात ठळकपणे सांगायला हवं होतं. खूप खालावलेले रोगी तिथे नसल्यामुळे वातावरण हसतंखेळतं दिसे आणि बरे होणाऱ्यांचे आकडेही चांगले येत. त्या आकड्यांवर तुमच्याइतकाच माझाही विश्वास नाही.

शिस्त कडक होतीच, पण ती शिकवायचे बरेचदा जुने रोगी. मोकळी हवा हाच उपचार मानून हिवाळ्यात उघड्या व्हरांड्यात आरामखुर्चीवर तासन्‌तास पडून राहायचं, तर थंडी खालून येते. म्हणून अंगावर घेण्यापेक्षा अंगाखाली जास्त थर घालायचे, अगदी वर्तमानपत्रांचेसुद्धा. ब्लँकेट आधी खुर्चीवर पसरून मग दोन्ही बाजूंनी अंगावर ओढायचं. दुपारच्या विश्रांतीत बोलणं बंद. थुंकी कागदी अस्तराच्या डबीत, आणि ते अस्तर रोज जाळायचं. हे पाळलं नाही तर शेजारच्या खुर्चीवरचाच आधी टोकायचा. चोरटी प्रेमप्रकरणंही चालत. तिथल्या बोलीत त्यांना ‘कझिनिंग’ म्हणत!

संसर्गाचा मुद्दा गंमतीचा आहे. त्या काळी मुख्य भीती वाळलेल्या थुंकीच्या धुळीची होती. खोकल्यातून हवेत तरंगत राहणारे सूक्ष्म कण हाच मुख्य मार्ग, हे १९५०च्या दशकात बाल्टिमोरला गिनिपिगांवरच्या प्रयोगांतून स्पष्ट झालं. म्हणजे व्हरांडे उघडे ठेवण्यामागचा तर्क अपुरा होता, तरी वाऱ्याने ते कण विरळ होत. मोठ्या वॉर्डांऐवजी छोट्या कॉटेजेस बांधल्या, त्याचाही फायदाच झाला असणार.

तुमच्या बाजूने खरा भक्कम पुरावा मद्रासचा आहे. १९५६मध्ये सुरू झालेल्या अभ्यासात १९३ रोग्यांपैकी काहींना घरी, काहींना सॅनेटोरियममध्ये ठेवून वर्षभर आयसोनियाझिड आणि ‘पास’ (PAS) ही क्षयावरची औषधं दिली. घरी राहिलेल्या रोग्यांना आहार आणि विश्रांती कमी मिळूनही दोन्हीकडचे निकाल जवळजवळ सारखे आले, आणि घरी राहिलेल्यांच्या कुटुंबीयांत क्षयाचं प्रमाणही जास्त निघालं नाही. औषध हाताशी आल्यावर खाटेचं काम संपलं. ट्रूडो सॅनेटोरियम तर १९५४मध्येच बंद झालं होतं.