‘साबणाच्या पाण्याने गाडी उठत नाही’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

एअर सस्पेन्शनच्या (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवा भरलेल्या रबरी बलूनवर गाडी तोलण्याच्या पद्धतीच्या) दुरुस्तीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, ते आधी थोडक्यात इथे देतो, म्हणजे नव्याने वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. तुम्ही म्हणता : “तुमचं वाचून तीन दिवस साबणाचं पाणी मारत बसलो, एक बुडबुडा दिसला नाही. शेवटी गॅरेजवाल्याने कंप्रेसर बदलला आणि गाडी लगेच उठली. आता चार महिने झाले, डावीकडचं मागचं चाक रोज सकाळी परत बसलेलं असतं. आपल्या रस्त्यांवर ही हवेची थेरं नकोतच. सरळ स्प्रिंग टाका, लोकांना नादी लावू नका.”

तुमचे तीन दिवस वाया गेले याचं मला मनापासून वाईट वाटलं, आणि त्यात माझा दोष आहे. हवा गळते तिथे बुडबुडे दिसावेत म्हणून हे पाणी मारतात, पण ते कधी आणि कुठे मारायचं, हे मी नीट लिहिलंच नव्हतं. ते पुढे सांगतो. पण आधी कंप्रेसरचं बोलू, कारण तुमच्या प्रतिक्रियेतलं शेवटून तिसरं वाक्यच, चार महिन्यांनी तेच चाक परत बसलं हे, सगळं सांगून जातं.

कंप्रेसरचं काम फक्त हवा भरण्याचं. गाडी बंद करून तुम्ही घरात गेलात की व्हॉल्व्ह ब्लॉकमधले (चारही चाकांकडे हवा वाटणाऱ्या ठोकळ्यातले) व्हॉल्व्ह मिटतात, आणि रात्रभर ती हवा धरून ठेवतात तीनच गोष्टी : चाकाजवळचा बलून, त्याचा पाइप आणि त्या चाकाचा व्हॉल्व्ह. कंप्रेसर त्या वेळी झोपलेला असतो. त्यामुळे एकच कोपरा रात्रीतून बसत असेल तर दोष या तिघांपैकी कुणात तरी आहे. कंप्रेसर कितीही थकलेला असला तरी तो एकट्या डाव्या मागच्या चाकातली हवा काढून घेऊ शकत नाही.

मग नवा टाकल्यावर गाडी उठली कशी? कारण जुना खरोखरच मेला होता. तो गळतीनेच मारला. हा कंप्रेसर थोडा वेळ चालून थांबण्यासाठी केलेला असतो, फार तापला की आपोआप बंदही होतो. गळकी गाडी त्याला रोज सकाळी शून्यापासून राबवते, दिवसभर मधूनमधून हाक मारते. त्याच्या आतल्या पिस्टनची रिंग झिजते आणि दाब कमी पडू लागतो. नव्याच्या अंगात दम आहे, म्हणून तो ती गळती चार महिने झाकू शकला. आता त्याचीही तीच गत व्हायला लागली आहे, म्हणून मला घाई वाटते.

यात आणखी एक गोष्ट आहे, जी गॅरेजमध्ये फारसं कुणी सांगत नाही. कंप्रेसरला जोडून ड्रायर असतो. त्यातले दाणे आत येणाऱ्या हवेतला ओलावा शोषतात, आणि गाडी खाली करताना तीच कोरडी हवा उलट दिशेने ड्रायरमधून बाहेर जाते व दाणे पुन्हा सुकवते. गळतीतून गेलेली हवा या वाटेने परत येतच नाही. म्हणजे दाणे फक्त ओले होत राहतात. आपल्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये इगतपुरी-कसाऱ्याच्या धुक्यातून जा-ये करणाऱ्या गाडीत किती ओलावा आत जात असेल याचा विचार करा. दाण्यांची पांढरी भुकटी होते, ती व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये जाऊन बसते, आणि एका बलूनचं दुखणं सगळ्या गाडीचं होतं.

माझ्या स्वतःच्या गाडीचं हेच झालं. एका ऑगस्टमध्ये घाट चढून वर आलो आणि डॅशबोर्डवर सस्पेन्शनचा पिवळा दिवा लागला. एका मोठ्या वर्कशॉपने (नाव लिहीत नाही) स्कॅनर लावला, ‘कंप्रेसर जास्त वेळ चालतो’ असा कोड आला, आणि त्यांनी कंप्रेसरच बदलला. ‘जास्त वेळ चालतो’ ही तक्रार होती, कारण नव्हतं. नवा कंप्रेसर आला तरी जुना रिले (कंप्रेसरची वीज चालू-बंद करणारा स्विच) तसाच ठेवला होता, आणि त्याचे कॉन्टॅक्ट आधीच्या तापण्याने अर्धवट चिकटलेले होते. अंबडच्या एका वयस्कर मेस्त्रींनी गाडी पूर्ण उंच करून बलूनच्या खालच्या घडीवर बोट फिरवलं आणि केसासारखी चीर दाखवली. त्या दिवशी मला जे कळलं तेच मी लेखात लिहायला बसलो होतो, आणि नेमकं तेच अपुरं लिहिलं.

तर साबणाचं पाणी. बलूनचं रबर खाली पिस्टनवर (हा कंप्रेसरमधला नव्हे, बलूनच्या बुडाचा दट्ट्या) घडी घालून गुंडाळलेलं असतं, आणि चीर बहुतेक त्या घडीतच पडते. गाडी नेहमीच्या उंचीला असताना ती चीर घडीत दाबलेली राहू शकते. तुम्ही सकाळी बसलेल्या गाडीवर पाणी मारलं असेल तर आत हवाच नव्हती, बुडबुडा कुठून येणार? म्हणून इंजिन चालू ठेवून गाडी सगळ्यात वरच्या उंचीला न्यायची, तेव्हा एकदा बघायचं, मग नेहमीच्या उंचीला आणून परत एकदा. भांडी घासायचा लिक्विड साबण जरा घट्टच कालवायचा. पुढच्या चाकांना बऱ्याच गाड्यांत बलूनवर धूळ अडवणारं आवरण असतं, तिथे ते सरकवल्याशिवाय काहीच दिसत नाही. बलूनच्या डोक्यावरचा पाइपचा जोडही विसरू नका, तिथे हात पोहोचत नाही म्हणून तो नेहमी सुटतो.

आणि हे मी लिहायलाच हवं होतं : नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या हवेवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. चाक आणि मडगार्डच्या मध्ये हात घालायचा नाही. हवा सुटली तर गाडी एका क्षणात खाली येते. जॅक मोड (गाडीची उंची आपोआप बदलणं थांबवणारी सेटिंग) चालू करा, चेसिसखाली घोड्या (आधाराचे स्टँड) लावा, मगच आत वाका. हे माझ्या लेखात नव्हतं, ही गंभीर चूक आहे. आज रात्री लेखात सगळ्यात वर घालतो.

पाण्यापेक्षाही माझा भरवसा मोजायच्या टेपवर आहे. सपाट जागी गाडी लावा, सामान काढा, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही मापं रात्री आणि सकाळी घ्या. जमिनीपासून नको, टायरमधल्या हवेचा फरक त्यात मिसळतो. एक खाचखळगा आहे : काही गाड्यांत सस्पेन्शनचा कंट्रोलर (उंची सांभाळणारा संगणक) उभ्या गाडीतही अधूनमधून जागा होतो आणि सगळ्यात खाली गेलेल्या चाकाच्या बरोबरीला बाकीची तीन आणतो. मग सकाळी चारही चाकं खाली दिसतात आणि माणूस म्हणतो, गेला कंप्रेसर! म्हणून रात्री सस्पेन्शनचा फ्यूज काढून ठेवा. सकाळी दार उघडण्याआधी मापं घ्या. फ्यूज परत बसवल्यावर दिवा लागला तर थोड्या वेळाने किंवा स्कॅनरने जातो.

थंडीचंही गणित लक्षात ठेवा. निफाडचा पारा उतरतो त्या दिवसांत दुपारी 30 अंश आणि पहाटे 10 अंश धरले, तर बलूनमधली हवा साधारण 6.6 टक्के आकसते. वरचं वजन तेवढंच, म्हणून गाडी थोडी बसते, पण चारही कोपरे मिळून. तुमचा एकच कोपरा जातो, तेव्हा थंडीला बोल लावता येणार नाही.

बलून की व्हॉल्व्ह, हे ठरवायला त्या चाकाच्या पाइपमध्ये त्याच मापाचा छोटा कॉक (हवा अडवणारी तोटी) टाकायला सांगा. हवा भरून कॉक रात्रभर बंद ठेवला आणि गाडी टिकली, तर दोष ब्लॉकच्या बाजूला. तरीही बसली, तर बलून किंवा कॉकच्या पुढचा पाइप. चालत्या गाडीतच कोपरा वेडावाकडा होत असेल तेव्हा मात्र हाइट सेन्सरची (गाडीची उंची मोजणाऱ्या सेन्सरची) दांडी बघा, तिचा सांधा गंजून अडकतो. तुमची गाडी उभी असताना बसते, म्हणून सेन्सर मी सोडून देतो.

आता स्प्रिंगचं. हा वाद नवा नाही. 1957 च्या कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोहॅमला एअर सस्पेन्शन होतं आणि गळतीला कंटाळून अनेक मालकांनी तेव्हाच लोखंडी स्प्रिंग बसवल्या. जुन्या, कमी किमतीला आलेल्या गाडीत हा निर्णय समजण्यासारखा आहे. पण स्प्रिंग टाकली की डॅशबोर्डचा दिवा लागून राहतो, तो विझवायला वेगळं मॉड्यूल लागतं. त्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 (गाडीच्या रचनेत बदल करण्याबद्दलचं) आणि विमा कंपनी, दोन्ही विचारात घ्या. “आपल्या रस्त्यांवर नको” हे मात्र मला मान्य नाही. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या वातानुकूलित बस हवेच्या बलूनवरच धावतात, तेही आपल्यापेक्षा कितीतरी जास्त किलोमीटर. फरक इतकाच की बसवाले हवेच्या टाकीतलं पाणी वेळच्या वेळी काढतात आणि बलूनला तडा दिसला की तो बदलतात.

काका, आज रात्री फ्यूज काढा, आणि रात्रीची चार व सकाळची चार अशी आठ मापं इथेच खाली लिहा. रिले बदलला होता का, हेही गॅरेजला विचारा. तोवर बसलेल्या कोपऱ्यावर गाडी चालवू नका, दोन पावलंही नाही, घडीत सापडलेलं रबर तिथेच फाटतं.