स्टॅम्प ड्युटी 2 टक्के केली की मार्केट उठतं म्हणे

"घरं विकली जात नाहीयेत ना, मग 2020 सारखी स्टॅम्प ड्युटी 2 टक्के करून टाका, मार्केट उठेल, सामान्य माणसाला घर मिळेल आणि सरकारची तिजोरीपण भरेल." हा मेसेज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर सणासुदीला येतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. वाचायला भारी आहे, पण एकेक वाक्य तपासलं की पोकळ निघतं.

आधी झालं काय होतं ते सांगतो. कोरोनात सगळं ठप्प होतं, म्हणून ऑगस्ट 2020 मधे राज्य सरकारने ड्युटी कमी केली, मुंबईत 5 ची 2 टक्के, सप्टेंबर ते डिसेंबर, आणि नंतर मार्चपर्यंत 3 टक्के.

"मार्केट त्यामुळेच उठलं"

मुंबईत डिसेंबर 2019 मधे साडेसहा हजारही रजिस्ट्रेशन झाली नव्हती आणि डिसेंबर 2020 मधे 19 हजारांच्या वर गेली. हे खरंय. पण मेसेजवाले इथेच थांबतात, पुढचा महिना बघतच नाहीत. जानेवारी 2021 मधे आकडा धाडकन 10 हजारांच्या आसपास आला, तेव्हा ना नवा लॉकडाऊन लागला होता ना काही, ड्युटी फक्त एक टक्का वाढली होती. एका टक्क्यासाठी अर्धं गिऱ्हाईक गायब होतं का? नाही हो, ज्यांना फेब्रुवारी-मार्चमधे घ्यायचं होतं त्यांनी डिसेंबरमधेच ड्युटी भरून टाकली, आणि लॉकडाऊनमधे ज्यांचे व्यवहार अडकले होते तेही त्यातच आले. थोडं नवीन गिऱ्हाईक आलं असेल, पण बरंचसं पुढच्या तारखेचंच अलीकडे ओढलेलं.

आणि खरी गंमत नंतरची आहे. एप्रिल 2022 पासून नेहमीच्या 5 वर 1 टक्का मेट्रो सेस (मेट्रोसाठीचा जादा कर) लागून मुंबईत 6 टक्के झाले. मग खरेदी बसायला हवी होती ना? त्या 2022 मधे 1 लाख 22 हजारांच्या आसपास रजिस्ट्रेशन झाली आणि 2024 मधे 1 लाख 41 हजारांच्या वर. सहा टक्के भरून!

मग उठलं कशाने? व्याजाकडे कोणी बघतच नाही. रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, 2019 च्या सुरुवातीला साडेसहा टक्के होता, मे 2020 मधे 4 वर आला आणि होम लोन साडेआठच्या आसपासवरून 7 च्या जवळ आलं. 50 लाखांचा फ्लॅट धरा, 40 लाखांचं लोन, 20 वर्षं. साडेआठ टक्क्यांनी हप्ता साधारण 34,700 आणि सात टक्क्यांनी 31,000. महिन्याला 3,700 वाचले, तोच रेट टिकला तर 20 वर्षांत पावणेनऊ लाखांच्या वर. ड्युटीत वाचले दीड लाख. शिवाय घरातून काम सुरू झालं आणि वन बीएचकेत दोन लॅपटॉप आणि एक ऑनलाइन शाळा मावेना, हे कारण कुठल्याच जीआरमधे सापडणार नाही.

एक मात्र मानतो, ड्युटीचे पैसे सहसा लोनमधे धरत नाहीत, ते खिशातून रोख काढावे लागतात. वरच्याच फ्लॅटला स्वतःचे 10 लाख, वर अडीच लाख ड्युटी आणि 30 हजार रजिस्ट्रेशन. त्यात दीड लाख सुटले तर फरक पडतो, नाही कोण म्हणतंय.

"सामान्य माणसाला घर मिळालं"

50 लाखांच्या फ्लॅटवाल्याला दीड लाख सुटले आणि 5 कोटीवाल्याला 15 लाख. दोघांना टक्के सारखेच, पण रुपये बघा की राव. सरसकट सवलत म्हटली की मोठं ताट आधी वाढलं जातं. द्यायचीच तर किमतीची मर्यादा घालून द्या, जीएसटीत परवडणाऱ्या घरांना 45 लाखांची मर्यादा आहेच (मुंबईत तेवढ्यात काय मिळतं ते विचारू नका, पण निदान तत्त्व तरी आहे).

"तिजोरी भरली"

साधं गणित. 5 चे 2 केल्यावर तेवढाच पैसा यायला अडीच पट किमतीचे व्यवहार व्हायला हवेत, आणि तेही दर महिन्याला. डिसेंबर तीनपट झाला, पण जानेवारीत ड्युटी 3 टक्के होताच आकडा डिसेंबरच्या निम्म्यावर. एका महिन्याचा फोटो दाखवून वर्षाचा हिशोब सांगायचा नसतो.

आणि ज्यांची खरी अडचण आहे ते या मेसेजमधे नाहीतच. बिल्डिंग अर्धवट, बिल्डर गायब, एका हाताने हप्ता आणि दुसऱ्या हाताने भाडं. त्यांचं अ‍ॅग्रीमेंट कधीच रजिस्टर झालंय, त्यांना ड्युटी शून्य केली तरी काय उपयोग? त्यांच्यासाठी केंद्राने नोव्हेंबर 2019 मधे 25 हजार कोटींचा स्वामिह फंड जाहीर केला, रखडलेले प्रोजेक्ट पुरे करायला पैसे देणारा. त्याला वेळ लागतो, कागदपत्रांची भानगड असते, आणि उद्घाटनाचा फोटो लगेच मिळत नाही. म्हणून त्याचा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.