फावल्या वेळातील शस्त्रविक्री

कोंबड्यांना मानमोडी होते, शेळ्यांना चारा लागतो आणि शेअर बाजाराने गेल्या वर्षी आपल्याला काय दिले हे घरात बोलून दाखवण्यासारखे नसते. म्हणून नोकरी सांभाळून करता येईल अशा एखाद्या जोडधंद्याच्या शोधात असलेल्या वाचकाने आता परवानाधारक शस्त्रविक्रीचा विचार करावा, असे आम्ही कळकळीने सुचवीत आहोत. या व्यवसायाचे गुण थोडे नाहीत. माल नासत नाही, त्याला उंदीर लागत नाहीत, आणि गिऱ्हाईक घासाघीस करीत नाही, कारण दुकानाच्या पायरीपर्यंत येईतो त्याची ती शक्ती सरकारी कचेऱ्यांत खर्ची पडलेली असते. दुकान उघडल्यापासून बंद करेपर्यंत कोणीही आत येत नाही, ही शांतता तर आजच्या काळात कोणत्या दुकानदाराला लाभते?

कायदाही आपल्या बाजूचा आहे. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा करून हिंदी माणसाला बंदुकीसाठी परवान्याच्या दाराशी उभे केले आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली. या अन्यायाविरुद्ध काँग्रेसच्या अधिवेशनांतून वर्षानुवर्षे ठराव होत राहिले. स्वातंत्र्यानंतर आपल्याच लोकांनी १९५९ साली नवा शस्त्र अधिनियम केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला. त्यात वर्णभेद राहिला नाही. रांगेत आता सगळेच समान आहेत. या अधिनियमाच्या चौदाव्या कलमात असे स्पष्ट लिहिले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून त्याला परवाना नाकारता येणार नाही. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्या आपल्यासारख्यांना उद्देशूनच हे वाक्य लिहिले असावे, असे वाटून डोळे पाणावतात. पुढे लागणारी भक्कम खोली, पोलादी कपाटे, कॅमेरे आणि अग्निशामक साधने यांना पैसे पडतात, हा मुद्दा निराळा. कायद्याने गरिबीला संरक्षण दिले आहे ते कागद हातात पडेपर्यंतच.

जागेबाबत एक सूचना करणे भाग आहे. परवाना माणसाप्रमाणे जागेलाही चिकटलेला असतो, त्यामुळे सदनिकेतील जादा खोलीत दुकान थाटण्याचा मोह आवरावा. ज्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेत पाळीव कुत्र्याने लिफ्ट वापरावी की नाही यावर दीड तास चर्चा होते, तिथे आयत्या वेळच्या विषयांत हा विषय घेतला, तर पुढची सभा आपल्याविना भरेल. ‘फावला वेळ’ हे शब्दही अर्जात कोठेही येऊ देऊ नयेत. ज्या नोंदवह्यांची तपासणी कोणत्याही दिवशी होऊ शकते, त्या आपण कार्यालयातून सुटल्यावर सातनंतर लिहितो, हे चौकशीस आलेल्या हवालदाराला ऐकवून त्याच्या मनावर ताण आणण्यात अर्थ नाही.

माल काय ठेवावा, हा प्रश्न सरकारनेच सोडवून ठेवला आहे. परदेशी पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर यांची व्यापारासाठी होणारी आयात गेल्या शतकाच्या ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. म्हणून एखादे जुने इंग्रजी रिव्हॉल्व्हर विक्रीस आले, तर त्याची किंमत ठरवताना त्याचा नेम कोणी पाहत नाही, ते कधी बोटीवरून उतरले एवढेच पाहतात. (साहेबाच्या कमरेला शोभा आणणारे वेब्ली अँड स्कॉट या इंग्रजी कंपनीचे रिव्हॉल्व्हर आता उत्तर प्रदेशातील हरदोई जिल्ह्यात बनते. ‘म्हणजे डुप्लिकेट का?’ असे विचारणारी गिऱ्हाइके भेटतील; त्यांच्याशी संयमाने वागावे.) उरला कानपूरचा सरकारी कारखाना, ज्याच्याकडे परवानाधारक थेट मागणी नोंदवू शकतो आणि मग सल्ला घेण्यापुरता आपल्या दुकानी येऊन चहा पिऊन जातो. तिथले ‘निर्भीक’ हे अर्ध्या किलोचे रिव्हॉल्व्हर २०१४ साली खास महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. शेवटच्या लोकलने एकटीने घरी परतणाऱ्या बाईच्या आधी, जिच्या मोटारीला चालक आहे त्या बाईची सोय झाली, एवढाच त्याचा अर्थ. सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल यांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो, आणि त्याच पंगतीला हौशी लोकांच्या नौका, धूम्रपानाचे पाइप आणि साखर घातलेली शीतपेये बसली आहेत. स्वसंरक्षण ही चैन आहे असे सरकारचे मत दिसते. आपल्या दुकानात येणारी गिऱ्हाइके पाहिल्यावर ते फारसे चुकले आहे असे म्हणवत नाही.

कारण परवाना मिळतो तो जिवाला धोका आहे म्हणून, आणि हा धोका मालमत्तेच्या प्रमाणात वाढतो असा अनुभव आहे. जमिनीचे व्यवहार करणाऱ्याला तो तिसऱ्या सातबाऱ्यावर नाव चढताच जाणवू लागतो आणि पंचायत समितीच्या उमेदवारीची कुजबुज सुरू झाली की असह्य होतो. असे गिऱ्हाईक शस्त्रापेक्षा त्याच्या चामडी पट्ट्याची अधिक चौकशी करते: तो सदऱ्याबाहेर दिसेल का, गाडीत बसताना टोचेल का, फोटोत येईल का. नफा पट्ट्यात आहे, आणि पट्टा विकायला परवाना लागत नाही. जाता जाता गिऱ्हाइकाला एवढेच सांगावे की, शस्त्र अधिनियमाच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर मुलाच्या वरातीत बेदरकारपणे हवेत गोळी झाडून आनंद व्यक्त केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकते. हे ऐकून तो हसेल. आपणही हसावे, पण दुकानातील कॅमेरा चालू आहे याची खात्री करून.

बाजारपेठेचा आवाका पाहायचा तर गृह मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०१६ च्या अखेरीस देशात सुमारे ३३ लाख ६९ हजार शस्त्र परवाने होते आणि त्यांपैकी सुमारे १२ लाख ७७ हजार एकट्या उत्तर प्रदेशात होते. यावरून धंद्यासाठी आपण चुकीच्या राज्यात जन्मलो, हे ध्यानात येईल. त्यात २०१९ च्या त्याच दुरुस्तीने एका माणसाजवळच्या बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली. नेमबाजांना त्यात सवलत आहे, पण इतरांनी तिसरी बंदूक वर्षभरात जमा करावी, असे ठरले. एखाद्या किराणा दुकानदाराला असे सांगून पाहावे की, यापुढे प्रत्येक घरात फक्त दोनच डबे राहतील आणि तिसरा डबा लोक तुझ्याकडे आणून ठेवतील.

आणि तरीही खरी कमाई या आणून ठेवण्यातच आहे. अधिनियमाचे एकविसावे कलम बंदूक पोलीस ठाण्याप्रमाणे परवानाधारक विक्रेत्याकडेही जमा करू देते, त्यामुळे थोड्याच काळात आपल्या लक्षात येईल की, आपण दुकानदार नसून इतरांच्या बंदुकांचे कोठीवाले आहोत. वडील वारलेले, मुलगा न्यू जर्सीत, मुलगी पुण्यात, आणि दुनळी आपल्या कपाटात. वारसांना ती नको असते, पण विकायलाही मन होत नाही आणि भाड्याच्या पत्राला उत्तर द्यायला वेळ होत नाही. गावातच राहणारे मालक दसऱ्याला येतात, आपल्या बंदुकीला झेंडूचे फूल वाहतात, हळदकुंकू लावतात आणि थकलेल्या भाड्याचा विषय निघाला की सणाच्या दिवशी पैशाचे बोलू नये असे सांगतात. हळद पोलादावरून पुसायला किती तेल लागते, याचा हिशेब कोणत्याही नोंदवहीत नाही.

ज्याला बंदुकीची खरीखुरी गरज आहे, असे गिऱ्हाईक मात्र आपल्याला काहीच मिळवून देत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या शेतकऱ्याकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक असते, आणि पिकाच्या प्रामाणिक संरक्षणासाठी अशी बंदूक मागणाऱ्याला परवाना द्यावा, असे अधिनियमच सांगतो. नळीतून दारू ठासायची, बार काढायचा, वानरे पलीकडच्या बागेत जाताना पाहायची आणि पलीकडच्याचा बार ऐकू आला की पुन्हा ठासायला घ्यायची, असा हा उद्योग आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे त्याला याहून पुढे सहसा जाता येत नाही. ही बंदूक बहुधा आजोबांची असते, ती बिघडत नाही, आणि बिघडली तर गावातच दुरुस्त होते. तिच्यात आपल्यासाठी काही नाही.

काही असेल तर ते निवडणुकीत. २०२४ साली लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, म्हणजे काजू उतरवणीला आलेला आणि आंबा धरलेला असताना. निवडणुकीपुरती बंदूक जमा करा अशा नोटिसा ज्यांना आल्या त्यांच्या बंदुका आत गेल्या, आणि जूनमध्ये त्या परत येईपर्यंत वानरांचा हंगाम निर्विघ्न पार पडला होता. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, तेव्हा भात कापणीला आले होते आणि मतदार यादीत नाव नसल्यामुळे रानडुकरांवर कोणतेही निर्बंध नव्हते. सरसकट सगळ्यांच्या बंदुका जमा करून घेऊ नयेत, छाननी समितीने प्रत्येकाचे प्रकरण पाहून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने पूर्वीच सांगून ठेवले आहे. पण नोटीस हातात पडलेला माणूस न्यायालयाचा निकाल शोधत बसत नाही. तो बंदूक गोणपाटात गुंडाळतो आणि एसटीची वाट पाहतो. लोकशाहीच्या या उत्सवात आपल्या कपाटात जागा ठेवावी आणि भाडे आगाऊ घ्यावे. आमच्या ओळखीचे एक जुने विक्रेते निवडणुका वेळेवर व्हाव्यात म्हणून कोणत्याही राजकीय विश्लेषकापेक्षा जास्त तळमळतात, आणि लांबलेल्या स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांनी त्यांचे किती नुकसान केले याबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

आरंभी आपण स्पर्धा नाही असे समजून चालला असाल, तर त्यात थोडी दुरुस्ती हवी. सातपुड्याच्या पायथ्याकडून, मध्य प्रदेशच्या सीमेवरून येणारा गावठी कट्टा हा आपला प्रतिस्पर्धी आहे, आणि त्याची सेवा तत्पर आहे. त्याला राष्ट्रीय नोंदणीतील ओळख क्रमांक लागत नाही, सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र लागत नाही, खरेदीदार २१ वर्षांचा असावा अशी अट नाही आणि ४० टक्के कर नाही. पोलिसांच्या पत्रकार परिषदेत तो टेबलावर ओळीने मांडलेला दिसतो. आपला माल कधी असा मांडला जात नाही, ही आपली प्रतिष्ठा. त्या टेबलावरच्या एकाही वस्तूची वही कधी तपासली गेलेली नसते. आपली तपासली जाते.

त्यासाठी शनिवारची संध्याकाळ मोकळी ठेवावी. खडकीच्या कारखान्यातली बारा बोअरची काडतुसे मोजायला घेतली की, आधी खोकी मोजावीत, मग खोक्यातली काडतुसे, मग विक्रीच्या पावत्या, आणि शेवटी वही. आकडा एकाने कमी आला तर घाबरून जाऊ नये. प्रथम स्वतःचे खिसे पाहावेत, मग टेबलाखाली वाकून पाहावे, मग दसऱ्याच्या पूजेतले निर्माल्य अजून कोपऱ्यात पडले असेल तर तेही चाळून पाहावे. तरीही न सापडल्यास वकिलाला फोन लावावा आणि तो उचलेपर्यंत, सोमवारी कार्यालयात लागणाऱ्या रजेच्या अर्जात कारण कोणते लिहायचे, याचा मसुदा मनात तयार ठेवावा.