‘महागडे यंत्र गळ्यात मारले’ या तक्रारीस दुकानमालकाचे उत्तर

नमस्कार साहेब,

आमच्या दुकानाला एकच तारा देऊन आपण लिहिले आहे की, साध्या मीटरवर काम भागले असते तरी ६,५०० रुपयांचे अँटेना ॲनालायझर (अँटेना तपासायचे यंत्र) आपल्या गळ्यात मारले गेले, ते दोन दिवसांत बंद पडले आणि आम्ही ते परतही घेतले नाही. जांबोटीहून बेळगावला आपल्याला दोनदा हेलपाटा पडला, त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. मात्र ‘गळ्यात मारले’ हे शब्द मला फार लागले. शहापुरातले हे दुकान वडिलांनी रेडिओ दुरुस्तीवर उभे केले आणि आजही आमचे घर याच काउंटरवर चालते, म्हणून तेवढ्या एका गोष्टीचा खुलासा करणे मला भाग आहे.

आपण पहिल्यांदा आलात तेव्हा सोबत एक जुना एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती शक्ती परत फिरते ते दाखवणारा) होता आणि बागेवरच्या मनोऱ्यावरील अँटेना तपासायला तोच चालेल का, असे आपण विचारले होते. तो मीटर २७ मेगाहर्ट्झच्या सीबी (सर्वसामान्यांसाठीच्या बिनतारी) सेटसाठी बनवलेला होता. आपले परवान्याचे वायरलेस सेट १५० मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि तिथे अशा मीटरचा काटा दाखवील त्या आकड्यावर विसंबता येत नाही. व्हीएचएफसाठीचा, म्हणजे आपल्या सेटच्या पट्ट्यातला, मीटरही मी काढून दाखवला होता, आणि तो ॲनालायझरपेक्षा स्वस्त होता हेही सांगितले होते. केवळ गल्ला भरायचा असता तर एकाऐवजी दोन्ही वस्तू बांधून दिल्या असत्या.

खरी अडचण आपल्या केबलची होती. मनोऱ्यापासून खोलीपर्यंत २० मीटर लांब आरजी-५८ जातीची बारीक केबल ओढलेली आहे, असे आपणच सांगितलेत. एवढ्या लांबीत या केबलमध्ये १५० मेगाहर्ट्झला सुमारे ४ डेसिबलची घट होते, म्हणजे सेटमधून निघालेली निम्म्याहून अधिक शक्ती वाटेतच जिरते आणि अँटेनाकडून परत फिरलेली शक्तीही येताना तशीच जिरते. त्यामुळे वर अँटेना तुटून पडला असला तरी खाली खोलीत मीटर २.३ च्या आसपासच दाखवतो (१ म्हणजे काहीच परत येत नाही, आकडा जितका मोठा तितका बिघाड मोठा) आणि पाहणाऱ्याला वाटते, थोडे बिघडले आहे, चालून जाईल. जांबोटीच्या पावसात जोडावरची टेप सुटून केबलमध्ये पाणी शिरले असेल, ही मला आलेली शंकाही खाली बसून फिटण्यासारखी नव्हती. खिशात मावणारे, बॅटरीवर चालणारे यंत्र मनोऱ्यावर नेऊन थेट अँटेनाच्या बुडाशी लावता येते, किंवा केबलच्या वरच्या टोकाला ओपन, शॉर्ट आणि ५० ओहमचा लोड हे ठरावीक तुकडे आळीपाळीने लावून कॅलिब्रेशन करता येते, म्हणजे केबलची घट हिशेबातून वगळता येते. मी ते सुचवले त्यामागे एवढेच कारण होते.

आता ते बंद का पडले, हे लिहिताना मला संकोच वाटतो, परंतु आपण जाहीरपणे लिहिले असल्याने उत्तरही जाहीरपणेच द्यावे लागते. एसडब्ल्यूआर मीटर सेट आणि अँटेना यांच्या मध्ये जोडतात आणि सेटचे बोलायचे बटण (पीटीटी) दाबून त्यातून शक्ती पाठवतात. ॲनालायझर स्वतःच एक मिलिवॅटहूनही क्षीण सिग्नल सोडतो. त्याला सेट कधीच जोडायचा नसतो. या यंत्रालाही दोन पोर्ट आहेत, म्हणून आपल्या भाच्यांनी मीटरसारखा एका पोर्टला २५ वॅटचा सेट आणि दुसऱ्याला अँटेना जोडला. काउंटरवर ते स्वतःच म्हणाले, “पीटीटी दाबला तरी काही हलेना, म्हणून परत दाबला.” मागचे झाकण मी आपल्या दोघांसमोर उघडले आणि पोर्टलगतचा तिळाएवढा रेझिस्टर काळा पडलेला भिंगातून दाखवला. असे यंत्र सदोष म्हणून पुढे मला कोणीही बदलून देत नाही.

विकताना ‘याला सेट जोडू नका’ असे मी सांगितले होते. तथापि गळीत हंगाम सुरू होता, कारखान्याच्या केन यार्डचे सहा सेट दुरुस्तीसाठी टेबलावर पडले होते आणि माझे अर्धे लक्ष तिकडे होते, हे मी नाकारत नाही. आपण पोर्टला केबल जोडायचे दोन अडॅप्टर मागितलेत तेव्हा ‘दोन कशाला?’ एवढे मी विचारायला हवे होते. अँटेना तपासायला एकच पुरतो. तो प्रश्न त्या दिवशी सुचला नाही, याची मला आजही चुटपुट लागून आहे.

सोबतचे माहितीपत्रक केवळ इंग्रजीत असते, म्हणून यापुढे पोर्टपाशी मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत इशाऱ्याची चिठ्ठी चिकटवू. परत घेण्याच्या नियमांबाबतही काहीतरी ठरवू. आपले यंत्र दुरुस्त होण्यासारखे वाटते. ते घेऊन या, सुट्या भागाचे पैसे तेवढे घेईन, मजुरी घेणार नाही. दुसरा अडॅप्टर परत घेऊन त्याची पूर्ण रक्कम देईन. येताना केबलचे वरचे टोक जोडासकट कापून आणलेत तर त्यात पाणी शिरले आहे का, तेही आपल्यासमोर पाहता येईल. मात्र कृपया सकाळी अकराच्या आत यावे, त्यानंतर कारखान्याची माणसे येतात.

आपला नम्र,
दुकानमालक