‘व्हर्ज’ म्हणजे कडा की काठी? कट्ट्यावरचं भांडण

रविवारी कट्ट्यावर विषय निघाला तो पक्याच्या भावाच्या सोफ्यावरून. भाऊ असतो ऑस्ट्रेलियात, पर्थला. त्याने ग्रुपवर फोटो टाकलेला, की जुना सोफा ‘व्हर्ज’वर ठेवलाय, कौन्सिलची गाडी येऊन उचलून नेईल. पक्या म्हणे व्हर्ज म्हणजे कडा ना, मग हा काय सोफा कड्यावरून ढकलून देणारे की काय. तर तसं नाही, घर आणि रस्ता यांच्यामधे जी गवताची पट्टी असते तिला तिकडे व्हर्ज म्हणतात. त्याच देशात मेलबर्नला गेलात की तीच पट्टी ‘नेचर स्ट्रिप’ होते. आणि इंग्लंडमधे रस्त्याकडेला ‘सॉफ्ट व्हर्जेस’ अशी पाटी असते, म्हणजे बाजूची माती भुसभुशीत आहे, गाडी खाली उतरवलीत तर रुतेल.

इथवर सगळं शांतीत चाललेलं. मग सायलीने काडी टाकली. ती वकील आहे, तिला सरळ उत्तर देऊन पोट भरत नाही. म्हणाली, मुळात व्हर्ज म्हणजे कडा नव्हतीच, काठी होती.

लॅटिनमधे ‘विर्गा’ म्हणजे छडी, तिचंच फ्रेंचात ‘व्हेर्झ’ झालं आणि तिथून इंग्रजीत आलं. चर्चमधे मिरवणुकीपुढे दंड घेऊन चालतो तो ‘व्हर्जर’ याच घराण्यातला. (आजच्या फ्रेंचमधे या शब्दाचा शरीरशास्त्रातला एक अर्थ आहे तो मी इथे लिहीत नाही, पक्याने शोधला आणि पाच मिनिटं चर्चा बंद पडली.) नाना म्हणाले म्हणजे आपला चोपदार. बरोबर, अगदी तोच. आता राजाच्या घरगुती कारभाराचा जो मोठा अधिकारी असायचा, लॉर्ड स्टुअर्ड, त्याच्या हातात पांढरी काठी असे, आणि त्या काठीचा अंमल जिथपर्यंत चाले तो सगळा टापू म्हणजे ‘व्हर्ज’. किती? तर दरबाराभोवती १२ मैल. आणि गंमत म्हणजे हा टापू नकाशावर फिक्स नाही. राजाचा मुक्काम हलला की तोही त्याच्याबरोबर हलणार. काल तुमचं गाव साध्या जिल्ह्याच्या कायद्याखाली, आज राजा शेजारच्या वाड्यात उतरला की तुम्ही त्याच्या काठीखाली.

पक्या म्हणाला हे म्हणजे मंत्र्याचा ताफा आला की आपला चौक बंद होतो तसं झालं. सायली म्हणाली तसंच, फक्त चौकात खून पडला तर चौकशी कोण करणार हेसुद्धा त्याने बदलतं.

आणि मग तिने मार्लोची केस काढली. क्रिस्टोफर मार्लो, नाटककार, शेक्सपिअरच्याच वयाचा. ३० मे १५९३ ला लंडनजवळ डेटफर्डला एलेनॉर बुल नावाच्या बाईच्या घरी हा आणि आणखी तिघं दिवसभर बसलेले, जेवले, बागेत फिरले, संध्याकाळी परत जेवले, आणि मग बिलावरून जुंपली. पंचनाम्यातलं चित्र असं: मार्लो खोलीतल्या पलंगावर आडवा, इन्ग्रम फ्रायझर त्याच्याकडे पाठ करून टेबलाशी, त्याच्या दोन्ही बाजूंना दोघं अगदी चिकटून बसलेले, म्हणजे हलायलाही जागा नाही. मार्लोने मागून फ्रायझरचाच खंजीर उपसला, त्याच्या डोक्यावर दोन वार केले, झटापट झाली आणि तोच खंजीर मार्लोच्या उजव्या डोळ्याच्या वर घुसला. दोन इंच खोल. खंजिराची किंमतसुद्धा लिहून ठेवलीय, १२ पेन्स. मार्लो २९ वर्षांचा होता.

आता ही चौकशी करायची कोणी? डेटफर्ड केंट परगण्यात, म्हणजे तिथल्या कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी). पण बसला कोण, तर विल्यम डॅन्बी, राणीच्या घरगुती खात्याचा कॉरोनर. कारण कागदावर काय, तर एलिझाबेथ राणीचा मुक्काम तेव्हा १२ मैलांच्या आत, म्हणून जागा ‘व्हर्जच्या आत’. १६ ज्युरर होते, निष्कर्ष स्वसंरक्षण, आणि महिना व्हायच्या आत फ्रायझरला राणीची माफी. सायलीचा मुद्दा असा की १३०० सालच्या कायद्याप्रमाणे व्हर्जच्या आतसुद्धा राजाचा कॉरोनर आणि परगण्याचा कॉरोनर दोघांनी मिळून बसायला हवं होतं, आणि इथे डॅन्बी एकटाच, म्हणून ही चौकशीच कायद्याने लटकी ठरते असं काही अभ्यासक म्हणतात. हा पंचनाम्याचा कागद लेस्ली हॉट्सन या संशोधकाने १९२५ मधे छापून बाहेर काढला, तोवर सगळ्या नुसत्या दंतकथाच होत्या. बाकी तिघांचे गुप्तहेर खात्याशी संबंध वगैरे विषय पक्याला पुढे न्यायचा होता, पण तो वेगळाच कट्टा होईल.

मला स्वतःला यापेक्षा कर्जबुडव्यांची गोष्ट जास्त आवडली. १८ व्या शतकात लंडनमधे राजवाड्याभोवतीच्या व्हर्जमधे खोली घेऊन राहिलात की देणेकऱ्यांचे बेलिफ तुम्हाला सहज धरू शकत नसत, आधी दरबाराच्या ‘बोर्ड ऑफ ग्रीन क्लॉथ’ या मंडळाची परवानगी काढावी लागायची. म्हणजे ज्या काठीने लोकांना वेसण घालायची, तिच्याच आडोशाला डोक्यावर उधारी असलेले लोक येऊन बसले. पक्याने ताबडतोब विचारलं तिकडे भाडं किती होतं.

पण पक्या मूळ मुद्दा सोडणारा नव्हता. म्हणे मग कडा हा अर्थ आला कुठून? माझं म्हणणं, आतल्या जागेला नाव दिलं की त्या जागेच्या हद्दीलाही तेच नाव चिकटतं, आणि पुढे जागा विसरली जाते, हद्द तेवढी उरते. शेक्सपिअरच्या दुसऱ्या रिचर्डच्या नाटकात राजाचा म्हातारा काका गाँट त्याला सुनावतो की तुझ्या मुकुटात हजार खुशमस्करे बसलेत, एवढ्याशा ‘व्हर्ज’मधे कोंडलेले. तिथे मुकुटाची गोल कडही आहे आणि तो १२ मैलांचा टापूही, दोन्ही एकाच शब्दात. म्हणजे शब्द तेव्हा मधेच लटकत होता. आज ‘ऑन द व्हर्ज’ म्हटलं की माणूस पडायच्या बेतात आहे, आणि तेव्हा ‘विदिन द व्हर्ज’ म्हटलं की तो राजाच्या तावडीत आहे. पक्या म्हणतो दोन्हीत माणूस अडचणीतच. यावर कोणाकडे उत्तर नव्हतं.

मग त्याने पुढचं अस्त्र काढलं, कन्व्हर्ज, डायव्हर्ज, ते पण काठीचेच का? आणि इथे सगळे फसतात. ते नाहीत. ते लॅटिन ‘व्हर्गेरे’चे, म्हणजे झुकणे, कलणे. सूर्य पश्चिमेला कलतो तेव्हाही जुन्या इंग्रजीत ‘व्हर्ज’च म्हणत. कोशात ही दोन क्रियापदं वेगवेगळी मांडलेली असतात, वापरणाऱ्याला मात्र कळत नाही की आपण कडेवर आलोय की तिकडे कललोय, आणि बोलताना त्याने काही बिघडतही नाही.

चोपदाराचं बोलल्यापासून नाना गप्पच होते. चाळीतले घड्याळजी, आता दुकान मुलाकडे. ते म्हणाले, व्हर्ज ना, ती तर घड्याळात असते. खरंच असते! जुन्या यांत्रिक घड्याळांमधे, अगदी तेराव्या शतकाच्या शेवटापासून. एक उभी दांडी, तिला दोन छोट्या पाकळ्या, एकमेकींशी साधारण काटकोनात. समोर करवतीसारख्या दात्यांचं चाक, मुकुटासारखं दिसतं म्हणून क्राउन व्हील. वरची पाकळी एक दाता अडवते, सोडते, तेवढ्यात खालची समोरचा दाता पकडते, आणि दांडी अशी उजवीडावीकडे झुलत राहते. नानांनी दोन बोटं फिरवून दाखवलं, तोंडाने टिक आणि टॅकसुद्धा केलं. या दांडीचं नाव व्हर्ज. म्हणजे पहिला अर्थ, काठी, घड्याळात जसाच्या तसा राहिला. वेळ फार काटेकोर राखत नाहीत ही घड्याळं, नाना म्हणाले, पण खिशातल्या घड्याळांत १९ व्या शतकापर्यंत चालली.

एवढं झाल्यावर पक्याला साक्षात्कार झाला. अरे मराठीत पण तेच! काठी आणि काठ! सगळे एक मिनिट गारच. मलाच त्याचा मूड घालवावा लागला. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीची पुस्तकं उघडा, त्यात ‘नदीकांठ’ छापलेलं असतं, डोक्यावर टिंब. तो काठ ‘कण्ठ’वरून आलाय, काठी ‘काष्ठ’वरून, तिच्यावर टिंब नाही. टिंब काढून टाकलं आणि दोघं सख्खे भाऊ दिसायला लागले. पक्या म्हणतो एका टिंबासाठी तू माझा शोध मारलास, सायली म्हणते अपील कर, आणि नाना अजून बोटं फिरवत टिक टॅक करत होते.